चिलटांची वंशावळ मांडणारे स्टर्टेव्हंट

मे महिन्यात शिरोड्यातल्या घराघरांत पिकल्या आंब्यांवर चिलटे घिरट्या घालत असतात. त्याच दिवसांत बागायतदार मात्र दुसऱ्याच माशीच्या नावाने बोटे मोडतो. ती झाडावरच्या आंब्याला भोक पाडून आत अंडी घालते आणि मग फोडीत अळ्या सापडतात. ही खरी फळमाशी, बॅक्ट्रोसेरा. घरातले चिलट म्हणजे ड्रॉसोफिला; ते सडू लागलेल्या फळावरच्या यीस्टवर जगते. इंग्रजीत दोघींचे नाव एकच, त्यामुळे घोटाळा होतो. कुळे मात्र वेगळी आहेत.

यातल्या चिलटांची कुळकथा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने लावली. त्यांचा जन्म १८९१ चा. बालपण अलाबामातल्या वडिलांच्या शेतावर गेले आणि तिथे घोड्यांच्या वंशावळी लिहून काढण्याचा नाद लागला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी घोड्यांच्या रंगावरचा एक लेख प्रा. थॉमस मॉर्गन यांना दाखवला. मॉर्गन यांनी तो छापायला सांगितले आणि १९१० मध्ये आपल्या प्रयोगशाळेत टेबलही दिले. खोली लहान, टेबले आठ, दुधाच्या बाटल्यांत माश्या आणि त्यांच्यासाठी केळी. माश्यांच्या डोळ्यांचे रंग टिपणाऱ्या या खोलीत आलेल्या स्टर्टेव्हंट यांना स्वतःला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नसे! तरी पदवीचा अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी एका रात्रीत जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख बहुधा इथेच संपते. मला त्यांचे पुढचे काम अधिक मोलाचे वाटते.

मेलॅनोगॅस्टर या नेहमीच्या चिलटासारखीच दिसणारी काही चिलटे त्यांच्या हाती आली. नराच्या जननांगातला बारीक फरक सोडला तर ओळखू येणार नाहीत अशी. मेलॅनोगॅस्टर मादीचा या नराशी संकर केला तर फक्त माद्याच जन्मत आणि त्याही वांझ. म्हणजे दिसायला एक असली तरी वंश पुढे चालत नाही. १९१९ मध्ये त्यांनी ही स्वतंत्र जात जाहीर केली आणि तिला सिम्युलन्स हे नाव दिले. दोन वर्षांनी त्यांनी दाखवले, की दोन्ही जातींत जनुके तीच आहेत, पण एका गुणसूत्रावर त्यांच्या क्रमाचा मोठा तुकडा उलटा बसला आहे.

या उलट्या तुकड्यांवरून नाते कसे कळते? सात डब्यांची गाडी घ्या: १२३४५६७. मधला २ ते ५ चा भाग उलटला की १५४३२६७. आता त्यातले ३२६ उलटले की १५४६२३७. पहिल्या गाडीपासून तिसरी एका उलटीत होत नाही, मधली लागतेच. अशा पायऱ्या जुळवून १९३६ मध्ये स्टर्टेव्हंट आणि थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी रानटी चिलटांच्या समूहांचा वंशवृक्ष मांडला. पुढे या दोघांचे बिनसले, ते वेगळेच. १९४२ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी ड्रॉसोफिला प्रजातीचे वर्गीकरण नव्याने केले.

१९५४ मध्ये अणुचाचण्यांच्या किरणोत्साराने पुढच्या पिढ्यांच्या जनुकांना अपाय होईल, असा इशारा त्यांनी जाहीर भाषणात दिला. सरकारी अधिकारी तेव्हा लोकांना निर्धास्त राहायला सांगत होते. १९७० मध्ये पासाडिनात त्यांचे निधन झाले.

दिसण्यावर न जाता संकर करून पाहायचा, ही कसोटी आंब्याच्या फळमाशीलाही लागली. आशिया-आफ्रिकेतल्या तीन फळमाश्या वेगळ्या जाती मानल्या जात. संकर, जनुके, गंध असे सगळे ताडून पाहिल्यावर २०१५ मध्ये त्या आपल्याकडच्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसच ठरल्या. कोणत्या देशात कोणती माशी आहे, यावर फळांची निर्यात अवलंबून असते. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीपायीच भारतीय आंबा थांबवला होता, तो पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाला.

बागेतही ओळख चुकून चालत नाही. डॉर्सालिसचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला येतात, म्हणून आंब्याच्या सापळ्यात ते वापरतात. तोच सापळा काकडी-दोडक्याच्या मांडवात टांगला तर तिथली माशी फिरकत नाही. तिला क्यू-ल्यूर हे वेगळे आमिष लागते.