समुद्रतळाशी सरखेलांचे नाव

विजयदुर्गाच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रात एक मोठे पठार बुडालेले आहे. लांबी सुमारे चाळीस किलोमीटर, रुंदी पंधराच्या आसपास. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम वीस मीटर खोल, त्यामुळे तेथे सूर्यप्रकाश पोहोचतो आणि प्रवाळ वाढते. २०१९च्या अखेरीस व २०२०च्या आरंभी संशोधकांनी तेथे बुड्या मारून प्रवाळाची व माशांची पाहणी केली. आजूबाजूला कोठेही जमीन नाही, सारा कारभार बोटीवरून करावा लागतो. मालवणला सिंधुदुर्गाच्या सावलीत नळी तोंडात धरून उथळ पाण्यावर तरंगणाऱ्या हौशी पर्यटकाचे हे काम नव्हे. येथे पाठीवर हवेची टाकी बांधूनच उतरावे लागते.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या की लार्गो येथे प्रवाळांच्या सान्निध्यात ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा १९६५मध्ये उभारला गेला, आणि पाणबुडे त्याच्या दर्शनाला जातात. आपल्या प्रवाळावर पुतळा नाही, नाव मात्र आहे. ‘अँग्रिया बँक’ हे ते नाव. आंग्रे या आडनावाचा इंग्रजी जिभेने केलेला हा अपभ्रंश. ज्यांना इंग्रज आयुष्यभर चाचा म्हणत आले, त्यांचेच नाव इंग्रजी सागरी नकाशांनी समुद्राच्या तळाला दिले, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल.

कान्होजींचा जन्म १६६९चा. घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गाशी त्यांचा संबंध होता, त्यामुळे मुलाचे बालपण लाटांच्या आवाजातच गेले. सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला असता किल्लेदार फितुरीच्या वाटेवर असल्याचे पाहून तरुण कान्होजींनी त्यालाच कैद केले व किल्ला लढवला, अशी परंपरागत कथा आहे. तपशिलाविषयी मतभेद असू शकतील. पण पुढचे चरित्र पाहता ती त्यांच्या स्वभावाला शोभणारी आहे यात शंका नाही.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९८च्या सुमारास, सिधोजी गुजरांच्या मागे आरमाराची धुरा कान्होजींकडे आली आणि सरखेल हे पद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. तो काळ अवघड होता. वर घाटमाथ्यावर मोगलांशी जीवघेणे युद्ध चालू, खजिन्यात खडखडाट, आणि समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज यांची सत्ता. कान्होजींनी कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या आधारे किनारा बांधून काढला. त्यांची गुराबे दोन-तीन डोलकाठ्यांची होती, गलबते त्याहून लहान आणि वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळून राही. तेव्हा गलबते गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला नेत, कारण तेथे त्याच्या तोफा फारशा चालत नसत. उथळ खाडीत तर मोठ्या जहाजाला पाठलागही करता येत नसे.

या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. परवाना विकण्याची ही पद्धत पोर्तुगिजांनीच या समुद्रात रूढ केलेली. तीच एका मराठी सरदाराने अवलंबली, तेव्हा ती चाचेगिरी ठरली. १७१२मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज आंग्र्यांच्या हाती लागले. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, त्याची पत्नी कैद झाली आणि तीस हजार रुपये घेऊन पुढच्या वर्षी तिची सुटका झाली. इंग्रजांना हा डंख विसरता आला नाही.

१७१३ हे वर्ष मात्र त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. ताराबाईंच्या पक्षात असलेल्या कान्होजींनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले होते. त्यांच्याशी लढण्याऐवजी बोलणी करण्याचे काम नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी अंगावर घेतले. श्रीवर्धनचे बाळाजीपंत कोकण जाणून होते. तडजोड झाली, कान्होजी शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेलपद व किल्ले त्यांच्याकडेच राहिले. मराठ्यांचा समुद्र व मराठ्यांची जमीन एकमेकांशी लढू लागली असती तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

त्यानंतर इंग्रजांनी १७१७मध्ये विजयदुर्गावर, १७१८मध्ये खांदेरीवर आणि १७२०मध्ये पुन्हा विजयदुर्गावर चढाई केली. तिन्ही वेळा हात हलवत परतावे लागले. १७२१मध्ये तर इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन, ब्रिटिश राजाच्या आरमारातील जहाजांसह कुलाब्यावर चालून आले. शाहूंकडून कुमक आली, मित्रपक्षांत बेबनाव झाला, आणि पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून मोहिमेतून अंग काढून घेतले. कुलाबा अजिंक्य राहिला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मुलांत वाटण्या झाल्या, भाऊबंदकी माजली, आणि १७५६मध्ये खुद्द पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथेच जळून खाक झाले. ज्या फळीने मराठी समुद्र राखला होता, ती मराठ्यांनीच पाडू दिली, ही बोच इतिहासकारांना आजही सलते.

भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला १९५१मध्ये आयएनएस आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरी आणि विजयदुर्ग हे किल्ले २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याच वर्षी नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका पाण्याखालील संग्रहालयाच्या योजनेसाठी विजयदुर्गाच्या बंदरात आणण्यात आली. जेथे आंग्र्यांची गुराबे नांगर टाकून उभी असत, त्याच खाडीत.