नारिंगी गोळ्यांचा मंत्री

लर्निंग लायसन्स हातात आलं की पहिलं काम म्हणजे गाडीवर लाल ‘एल’ चिकटवणं. ब्रिटनमध्ये हा ‘एल’, सक्तीची ड्रायव्हिंग टेस्ट आणि वस्तीतली ताशी ३० मैलांची मर्यादा, तिन्ही एकाच वर्षी आलं, १९३५ मध्ये. तेव्हा तिथले वाहतूकमंत्री होते लेस्ली होर-बेलिशा.

जन्म १८९३चा, लंडनमधल्या ज्यू कुटुंबातला. लेस्ली वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील गेले. आईने वाढवलं. पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि मुलाने सावत्र वडिलांचं ‘होर’ आपल्या आडनावाला जोडलं. ऑक्सफर्ड, मध्येच पहिलं महायुद्ध, परत ऑक्सफर्ड, तिथल्या युनियनचं अध्यक्षपद, पत्रकारिता, वकिली आणि १९२३ मध्ये खासदारकी. इथवर सगळं पुढाऱ्याच्या बायोडेटासारखंच.

१९३४ मध्ये ते वाहतूकमंत्री झाले. चारच वर्षांपूर्वी मोटारींची जुनी वेगमर्यादा कायद्याने काढून टाकली होती. त्या एका वर्षात रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली आणि २,३१,६०३ जखमी झाली. यातले निम्मे पायी चालणारे होते. आणि चारातले तीन अपघात मोकळ्या हमरस्त्यावर नाही, तर वस्तीत झाले होते. म्हणजे लोकांच्या दारापुढे. तरी संसदेत एका खासदाराने कोंबड्यांचा दाखला दिला. आधी कोंबड्या गाडीखाली यायच्या, आता त्या शिकल्या, तशी माणसंही शिकतील, असा एकूण सूर. (आपल्याकडेही रस्ता ओलांडणाऱ्यालाच हॉर्न ऐकवतात, त्यामागचं लॉजिक हेच असावं.)

मंत्री झाल्यावर थोड्याच दिवसांत लंडनच्या कॅम्डन हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडताना खुद्द बेलिशाच एका भरधाव स्पोर्ट्स कारखाली येता येता वाचले. बातमी गाजली. प्रसिद्धीची हौस त्यांना होतीच, पण या वेळी तिचा उपयोग झाला. क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळे-पांढरे पट्टे रंगवलेले खांब आणि वर नारिंगी काचेचा गोळा बसवायला त्यांनी सुरुवात केली. लांबून येणाऱ्याला दिसावं, की इथे माणूस आधी, गाडी नंतर. तसा नियमही केला. लोकांनी या खांबांना ‘बेलिशा बीकन’ म्हणायला सुरुवात केली. पोरांनी दगड मारून गोळे फोडले, पेपरवाल्यांनी टर उडवली. खांब मात्र वाढत गेले.

वेगमर्यादेचा नियम तर मला जास्तच आवडला. वस्ती कुठे सुरू होते, हे ठरवायचं कसं? तर ज्या रस्त्यावर दिव्याचे खांब एकमेकांपासून २०० यार्डांच्या आत आहेत, तिथे ३०चीच मर्यादा. म्हणजे दिवे आहेत, तर तिथे माणसं राहतात आणि पोरं दारातून बाहेर येणार, हे ड्रायव्हरने धरूनच चालायचं. १९३५ मध्ये मृतांचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास आला. कमी झाला, पण संपला नव्हता.

१९३७ मध्ये त्यांना युद्धमंत्री केलं. तिथे जनरल लोकांशी खटके उडाले. ज्यू असल्याबद्दलची कुजबुजही पाठ सोडेना. जानेवारी १९४० मध्ये, युद्ध सुरू असतानाच, पद गेलं. १९४५ मध्ये खासदारकीही गेली.

त्यांच्या काळात क्रॉसिंग दाखवायला रस्त्यात धातूच्या टिकल्या ठोकलेल्या असत. त्या पायी चालणाऱ्याला दिसायच्या, गाडीवाल्याला जवळ येईपर्यंत दिसायच्या नाहीत. झेब्राचे पांढरे पट्टे कायद्यात आले ते १९५१ मध्ये. तोवर बेलिशा संसदेबाहेर होते. पट्ट्यांच्या दोन टोकांना खांब मात्र त्यांचेच राहिले. फेब्रुवारी १९५७ मध्ये फ्रान्समधल्या रॅन्स शहरात भाषण करता करता ते कोसळले आणि गेले. त्याआधी काही वर्षं त्या नारिंगी गोळ्यांची उघडझाप सुरू झाली होती, ती अजून चालू आहे.