सौम्य आम्लाचे कोडे आणि अऱ्हेनियस

लहान मुलाने चुकून कॉस्टिक सोडा तोंडात घातला, तर लगेच लिंबू पाजावे असे अनेकांना वाटते. आम्लारीवर आम्ल दिले की उदासिनीकरण होते, हा शाळेत शिकलेला हिशेब. तो कुठे फसतो, हे कळते ते स्वांते अऱ्हेनियस यांच्या कामामुळे.

अऱ्हेनियस यांचा जन्म १८५९ मध्ये स्वीडनमधील उप्सालाजवळचा. वडील भूमापक. द्रावणातून वीज कशी वाहते, यावर त्यांनी १८८४ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. उप्सालाच्या प्राध्यापकांना तो पटला नाही. पदवी मिळाली, पण श्रेणी इतकी खालची की तिथे अध्यापक होण्याची वाट जवळजवळ बंद झाली. ते खचले नाहीत. प्रबंधाच्या प्रती त्यांनी परदेशी शास्त्रज्ञांना धाडल्या. रीगाचे विल्हेल्म ओस्टवाल्ड त्याच वर्षी त्यांना भेटायला उप्सालाला आले आणि चित्र पालटले.

१८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी सिद्धांत पूर्ण मांडला. क्षार, आम्ले आणि आम्लारी पाण्यात विरघळताच त्यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन होतात. तीव्र आम्लाचे जवळजवळ सर्व रेणू फुटतात, सौम्य आम्लाचे थोडेच. मात्र तीव्र आम्लारी मिसळली की सौम्य आम्लाचे उरलेले रेणूही फुटत जातात. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचे पाणी बनते आणि उष्णता बाहेर पडते. शेवटी द्रावण पूर्ण उदासीनही होत नाही, किंचित आम्लारीधर्मीच राहते. या सिद्धांतासाठी त्यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले.

लिंबातले सायट्रिक आम्ल सौम्य, कॉस्टिक सोडा तीव्र आम्लारी. आम्ल सौम्य असले तरी उष्णता फारशी कमी होत नाही. आधीच भाजलेल्या अन्ननलिकेला ती झेपत नाही. त्यातून उलटी झाली, तर तोच सोडा पुन्हा वर येऊन जाळतो.

म्हणून लिंबू, ताक, व्हिनेगर काहीही पाजू नये. उलटी करवू नये. तोंड पाण्याने धुवावे आणि सोड्याचा डबा सोबत घेऊन निघावे. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावातून मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो. घरगुती उपायात तो दवडू नये.