विश्लेषण : बारटेंडर आणि मिक्सॉलॉजिस्ट यांत फरक काय? जेरी थॉमस यांना मिक्सॉलॉजीचे जनक का म्हणतात?

पेय ओतून देणारा, गिऱ्हाइकांची सरबराई आणि गल्ल्याचा हिशेब सांभाळणारा तो बारटेंडर. घटकांचे प्रमाण, चव आणि तंत्र यांचा अभ्यास करून पेय घडवणारा तो मिक्सॉलॉजिस्ट, अशी ढोबळ विभागणी आज केली जाते. गंमत म्हणजे मिक्सॉलॉजीचे जनक मानले जाणारे जेरी थॉमस पोटासाठी बारटेंडरचेच काम करत. ‘मिक्सॉलॉजिस्ट’ हा शब्दही १८५६ मध्ये ‘निकरबॉकर’ या अमेरिकी मासिकात आला तो थट्टेने.

सोन्याच्या शोधात...

थॉमस यांचा जन्म १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सॅकेट्स हार्बर येथे झाला. न्यू हेवनमध्ये त्यांनी बारचे काम शिकून घेतले. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या ओढीने सारी दुनिया कॅलिफोर्नियाकडे धावत होती, त्यात तेही होते. सोने शोधून पाहिले, नाटकमंडळी चालवून पाहिली. हाताला यश आले ते काउंटरमागेच. पुढे सेंट लुईस, शिकागो, न्यू ऑर्लिन्स अशा शहरांत त्यांनी नाव कमावले. चांदीची साधने घेऊन ते युरोपातही फिरून आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑक्सिडेंटल हॉटेलात त्यांना आठवड्याला १०० डॉलर मिळत, असे सांगितले जाते. त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती.

त्यांची ओळख बनली ती ‘ब्लू ब्लेझर’ने. स्कॉच व्हिस्की आणि उकळते पाणी मुठीच्या पेल्यात घ्यायचे, पेटवायचे आणि ती निळी ज्वाळा एका पेल्यातून दुसऱ्यात चार-पाच वेळा ओतायची. हा खेळ पाहायला लोक जमत. नवशिक्यांनी आधी थंड पाण्यावर हात बसवावा, हा सल्लाही त्यांनी देऊन ठेवला आहे.

पुस्तकाने काय बदलले?

खरी कामगिरी मात्र आगीची नव्हे, शाईची. तोवर पेयांच्या कृती बारटेंडरच्या डोक्यात असत. उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जात. ज्याच्या हाताला चव, त्याचीच गिऱ्हाइके, म्हणून त्या राखून ठेवण्याकडेच कल. १८६२ मध्ये थॉमस यांनी त्या छापून सगळ्यांपुढे ठेवल्या. अमेरिकेत प्रसिद्ध झालेले हे अशा प्रकारचे पहिले पुस्तक मानले जाते. त्यात व्हिस्की कॉकटेल असे सांगितले आहे : साखरपाकाचे तीन-चार शिंतोडे, बिटर्सचे दोन, एक वाइनग्लास व्हिस्की, लिंबाच्या सालीचा तुकडा, एकतृतीयांश ग्लास बारीक बर्फ, हलवून गाळायचे. आज मिलिलिटरमध्ये मोजणाऱ्यांना हे माप ढिले वाटेल. पण माप ठरले, म्हणूनच न्यूयॉर्कचे पेय दुसऱ्या गावी तसेच बनवता येऊ लागले. शिवाय कॉकटेल, सावर, ज्युलेप, फ्लिप असे गट पाडल्याने एका कृतीवरून दहा नव्या सुचू लागल्या. मिक्सॉलॉजीचा पाया तो हाच.

या पुस्तकाची सुरुवात होते ‘पंच’ने. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच घटकांमुळे या पेयाचे नाव आपल्याकडच्या ‘पाच’वरून पडले, अशी एक प्रचलित व्युत्पत्ती आहे; ती सर्वमान्य नाही. पुस्तकात ‘अरॅक पंच’ही आहे, आणि अरॅक म्हणजे आपल्या ‘अर्क’चाच भाऊबंद.

सगळे श्रेय त्यांचे का?

नाही. बऱ्याच कृती आधीपासून प्रचलित होत्या. ‘टॉम अँड जेरी’ हे पेय आपणच शोधल्याचे ते सांगत, पण त्याचे उल्लेख त्यांच्या जन्माआधीचे सापडतात. जाहिरातबाजी त्यांच्या रक्तातच होती. तरीही संकलन करणे आणि ते खुले करणे, हे काम त्यांच्या नावावरच जमा होते.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरील त्यांचा बार प्रसिद्ध होता. भिंतींवर व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांची चित्रे असत. पुढे वॉल स्ट्रीटवरच्या सट्ट्याने घात केला. कमाई बुडाली, बार हातचा गेला. पुन्हा उभे राहण्याचे प्रयत्न फसले. १५ डिसेंबर १८८५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १८८७ मध्ये निघाली. तिच्यावर नाव होते ‘बारटेंडर्स गाइड’, आणि आतल्या पानांत ‘मार्टिनेझ’ होते, आजच्या मार्टिनीचे पूर्वज मानले जाणारे पेय.