नाइटिंगेल आणि घरातली रुग्णशय्या

फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हटले की लष्करी रुग्णालयात रात्री दिवा घेऊन फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. पण त्यांच्या मते रुग्णालय हा मधला टप्पा होता. आजाऱ्याची खरी शुश्रूषा त्याच्या घरी व्हायला हवी.

त्यांचा जन्म १२ मे १८२० चा. १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुतारीला गेल्या. तिथे जखमांपेक्षा अस्वच्छतेमुळे पसरलेल्या रोगांनीच अधिक सैनिक दगावत होते. परतल्यावर १८५७ पासून त्या स्वतःच आजारी राहू लागल्या. पुढचे बरेचसे काम त्यांनी अंथरुणावरून केले.

१८५९ मध्ये त्यांचे शुश्रूषेवरील पुस्तक आले. ते प्रामुख्याने घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या बायकांसाठी होते. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांना गरिबांच्या घरी प्रशिक्षित परिचारिका पाठवायच्या होत्या. नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने १८६२ मध्ये तिथे प्रशिक्षणशाळा उभी राहिली.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत, तरी पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. पण पैशाशिवाय तो कागदावरच राहील, हे त्यांनी ओळखले. गावातून गोळा होणाऱ्या उपकराचा पहिला वाटा गावाच्या स्वच्छतेला मिळावा, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला.

एका मुद्द्यावर मात्र त्यांनी कायद्याची वाट अडवली. परिचारिकांची नोंदवही असावी, ही मागणी १८८७ नंतर जोर धरू लागली. परीक्षा आणि नोंदणीने रुग्णाजवळचे वागणे व कौशल्य मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांचा प्रश्नही रास्त होता : दारात आलेली परिचारिका शिकलेली आहे, हे घरच्यांनी ओळखायचे कसे? १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला.

हा वाद आज आपल्याही दारात आहे. पौडच्या पुढच्या कोळवणसारख्या गावात रुग्णाला घरीच ऑक्सिजन, सलाइन आणि परिचारिका मिळाली, तर पुण्याच्या खेपा वाचतात. पण राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या जागेसाठी आहे. रुग्णाचे स्वतःचे घर त्याच्या चौकटीत बसत नाही. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. तेवढ्याने माणसाची पात्रता कळते, पण वीज गेल्यावर ऑक्सिजनचे यंत्र कसे चालणार आणि प्रकृती ढासळल्यास रुग्णाला कोण, कुठे हलवणार, हे कळत नाही.

म्हणून घरी अशी सेवा घेताना परिचारिकेचा नोंदणी क्रमांक, जबाबदार डॉक्टरांचे नाव आणि रात्री-अपरात्री फोन कोण उचलणार, या तीन गोष्टी आधी लेखी घ्याव्यात. नोंदणी आणि देखरेख यांपैकी एकच पुरेशी नाही, हे नाइटिंगेल यांच्या वादातूनच दिसते.