अहिल्या : चौंडीच्या कन्येचे नाव आणि जीवन



२०२४ साली आपल्या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर असे करण्यात आले. तेव्हापासून शाळेचे दाखले, पत्रांचे पत्ते आणि रस्त्यावरील पाट्या यांवर हे नाव हळूहळू रुळत आहे. जुन्या पिढीच्या तोंडी अजून 'नगर' हाच शब्द आहे व तो राहीलही. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली वसविलेल्या शहराला स्वतःचा थोर इतिहास आहे, आणि नामांतराच्या वादात शिरण्याचा आमचा मानस नाही. परंतु जे नाव आपल्याला आता रोज लिहावे लागणार, ते कोणाचे आहे आणि त्याला कोणता अर्थ चिकटलेला आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

मुलीचे नाव ठेवताना लोक सृष्टीकडे पाहतात किंवा पुराणाकडे. जपानमध्ये मुलींना पूर्वापार किकु असे नाव ठेवीत. किकु म्हणजे शेवंतीचे फूल. आपल्या खेड्यांतील शेवंता ती हीच. पण आपल्याकडे सीता, द्रौपदा, तारा, अनसूया अशी पुराणातील नावेही तितक्याच प्रेमाने ठेवली जात. अहिल्या हे त्यांपैकीच एक. मूळ संस्कृत शब्द अहल्या; मराठीने त्याचे अहिल्या केले. हल म्हणजे नांगर, म्हणून अहल्या म्हणजे नांगर न लागलेली भूमी, असा एक अर्थ सांगतात. जिच्यात कुरूपतेचा लेश नाही ती, असा दुसरा अर्थ रामायणातच दिलेला आहे.

ही अहल्या गौतम ऋषींची पत्नी. इंद्राने तिच्या पतीचे रूप घेतले, आणि शाप मात्र तिलाही भोगावा लागला. वाल्मीकींच्या कथेत ती कोणाला न दिसता, वाऱ्यावर जगत, राखेत पडून राहते. तिची शिळा झाली ही गोष्ट नंतरच्या कवींनी रूढ केली. रामाच्या येण्याने तिची सुटका झाली. प्रातःकाळी स्मरण करावयाच्या पाच स्त्रियांमध्ये परंपरेने तिला पहिले स्थान दिले हे खरे. तरीही या नावाबरोबर मनात उभी राहते ती दुसऱ्या कोणी येऊन उद्धार करावा म्हणून युगानुयुगे वाट पाहणारी मूक स्त्री. हे नाव घेऊन अठराव्या शतकात आपल्या जिल्ह्यातील एक मुलगी मोठी झाली, आणि तिने त्या नावाचा अर्थच पालटून टाकला.

जामखेड तालुक्यातील चौंडी हे तिचे जन्मगाव. ३१ मे १७२५ ही जन्मतिथी सर्वत्र मानली जाते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घराणे धनगर समाजाचे. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती, तरी माणकोजींनी लेकीला लिहावाचावयास शिकविले असे सांगतात. पुढे तिने जो राज्यकारभार केला तो पाहता हे खरेच असले पाहिजे. पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी चौंडीच्या देवळात या मुलीला पाहिले व तिचे वागणे त्यांच्या मनात भरले, ही आख्यायिका आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. मल्हारराव स्वतः गरिबीतून वर आलेले आणि माणसाची पारख असलेले गृहस्थ. १७३३ साली त्यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी अहिल्येचा विवाह झाला. वधूचे वय तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते.

सासरी तिला दोन गुरू लाभले. सासूबाई गौतमाबाई यांच्याकडून ती घर व खासगीचे हिशेब शिकली, आणि सासऱ्यांकडून दौलतीचे व्यवहार. मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. मग मार्च १७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुम्हेर किल्ल्याच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या.

खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंचीही सिद्धता झाली होती. त्या वेळी मल्हारराव आडवे आले. एकुलता एक मुलगा गमावलेल्या त्या वृद्ध योद्ध्याने सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली : मुलगा तर गेलाच, आता दौलतीचा आणि म्हातारपणाचा आधार तूच, तू निघून गेलीस तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असा त्या विनवणीचा आशय होता. अहिल्याबाई थांबल्या. रूथने विधवा झाल्यावर सासूला सोडले नाही ही कथा आपल्या वाचकांना पाठ आहे. येथे सासऱ्याने सुनेला सोडले नाही.

मल्हाररावांनी तिला केवळ जगविले असे नव्हे, तिच्यावर काम सोपविले. ते उत्तरेच्या मोहिमांत गुंतलेले असत तेव्हा इंदूरचा वसूल, फौजेची रसद, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था सूनबाई पाहत. सासऱ्यांनी त्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. तोफा कोठे न्याव्यात, सामान किती पाठवावे, अशा कोरड्या कामाच्या सूचना त्यांत आहेत. त्या पत्रांत लाड नाही की उपदेश नाही. विश्वासू कारभाऱ्याला लिहावे तसे सासरा सुनेला लिहितो आहे. अठराव्या शतकातील कुटुंबजीवनाचा हा पुरावा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

२० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे वारले. मालेराव गादीवर आले. परंतु त्यांचे मन स्थिर नव्हते, आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच, १७६७ मध्ये, तेही गेले. पती, सासरे आणि पुत्र या तिघांच्या माघारी एक विधवा उरली, आणि दौलतीवर अनेकांचे डोळे लागले.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक मूल घेण्याचा सल्ला दिला. त्याचा उघड अर्थ असा की मूल गादीवर, कारभार दिवाणांच्या हाती आणि बाई देवपूजेत. राघोबादादा पेशवे या बेताला अनुकूल होते व फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत येऊन पोहोचले. अहिल्याबाईंनी दत्तकाला साफ नकार दिला, शिंदे-गायकवाडांसारख्या सरदारांना पत्रे धाडली, स्वतःची फौज उभी केली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. स्त्रीला हरविले तर कीर्ती नाही आणि स्त्रीकडून हरलो तर तोंड दाखविण्यास जागा नाही, याची जाणीव त्यांनी राघोबांना करून दिली असे सांगतात. राघोबांनी आपण केवळ दुखवट्यासाठी आलो असल्याचे सांगून माघार घेतली. माधवरावांनी बाईंच्या हक्काला मान्यता दिली. सैन्याची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली. मुलकी कारभार मात्र स्वतःच्या हाती ठेवला. गंगाधर यशवंतांना पुढे पुन्हा कामावर घेतले गेले, ही गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे.

नर्मदातीरावरील महेश्वर हे त्यांच्या वास्तव्याचे ठिकाण झाले. रोज दरबार भरे आणि तेथे रयतेतील कोणीही येऊन गाऱ्हाणे सांगू शके. बाईंना पडदा नव्हता. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची किंवा दत्तकाच्या परवानगीसाठी भारी नजराणा घेण्याची त्या काळची सर्रास पद्धत होती. अहिल्याबाईंनी असा पैसा नाकारला. यात्रेकरूंना लुटणाऱ्या भिल्लांचा प्रथम कठोर बंदोबस्त झाला, पण नंतर त्यांच्याच वाटांवर प्रवाशांचे रक्षण करण्याचे काम त्यांना देऊन त्याबद्दल भीलकवडी नावाचा लहानसा कर घेण्यास मुभा दिली. विणकरांना महेश्वरात आणून वसविले. महेश्वरी साडी आज जी आपण पाहतो ती त्या आश्रयातून वाढली.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा धागा माहेरापुरता नव्हता. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी तमाशाच्या फडात नाव काढलेला होता. तो महेश्वरास गेला असता एवढी प्रतिभा तमाशात खर्च करण्यापेक्षा कीर्तनाकडे वळवावी, असे बाईंनी त्याला सुचविले आणि त्याने ते ऐकले, अशी परंपरा आहे. आमच्या मते त्याच्या लावण्यांचीही मराठीला गरज होती, पण तो विषय वेगळा!

त्यांची कीर्ती पसरली ती बांधकामांमुळे. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये त्यांनी पुन्हा उभारले. गयेचे विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचा मणिकर्णिका घाट, आणि याखेरीज कितीतरी धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यांपैकी बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेर होती. हा खर्च प्रामुख्याने खासगीतून, म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या वेगळ्या उत्पन्नातून होत असे. पुराणातील अहल्येचा उद्धार झाला. या अहिल्येने जीर्णोद्धार केले.

त्यांच्या कारकिर्दीत उणिवा नव्हत्या असे नाही. तुकोजींशी पैशांवरून वारंवार खटके उडत. मोहिमेवरील फौजेला वेळेवर पैसा मिळत नाही ही तुकोजींची तक्रार अगदीच निराधार नव्हती. महादजी शिंद्यांनी युरोपीय धर्तीवर कवायती पलटणी उभारल्या, होळकर त्यात मागे पडले, आणि १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या फौजेने त्यांचा पराभव केला. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर हेही लिहिले पाहिजे.

परंतु आमचे मन अडखळते ते दुसऱ्याच ठिकाणी. कन्या मुक्ताबाई हेच अहिल्याबाईंचे उरलेले अपत्य. राज्यातील लुटारूंचा उपद्रव मोडणाऱ्या तरुणास कन्या देण्याचे बाईंनी जाहीर केले आणि यशवंतराव फणसे यांनी ते काम केले, अशी त्या विवाहाची कथा आहे. मुक्ताबाईंचा मुलगा नथोबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात आजारपणात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही वारले, आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

३७ वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जे केले तेच आता अहिल्याबाईंनी केले. माता म्हणून आणि राज्यकर्ती म्हणूनही त्यांनी मुलीपुढे हात जोडले. मुलीने शांतपणे उत्तर दिले, त्याचा आशय असा : आई, तुझे वय झाले आहे, थोड्या वर्षांत तुझे पुण्यशील आयुष्य संपेल, माझा पती गेला, मुलगा गेला, तू गेल्यावर माझे जगणे असह्य होईल, आणि तेव्हा सन्मानाने मरण्याची वेळही निघून गेलेली असेल. राज्यात ज्यांचा शब्द खाली पडत नसे त्या बाई येथे हरल्या. आज्ञा देऊन त्यांनी सती का थांबविली नाही, असा प्रश्न आजचा वाचक विचारील, व त्याने तो विचारावा. पण ज्या शास्त्राच्या आधारावर त्यांचे सारे जीवन उभे होते त्याच शास्त्रात त्या रूढीला पुण्य म्हटले होते. सासऱ्याच्या प्रेमाने एक स्त्री वाचली होती. रूढी मात्र होती तशीच राहिली होती. बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा झाला तो १८२९ मध्ये, ३८ वर्षांनंतर.

अहिल्याबाई चितेपर्यंत लेकीबरोबर चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. ज्वाला उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या किंचाळल्या व आपले हात सोडविण्यासाठी धडपडू लागल्या. नंतर त्यांनी नर्मदेत स्नान केले आणि वाड्यात परत येऊन तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, कोणाशी बोलल्या नाहीत. सावरल्यावर गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारण्यात त्यांनी मन गुंतविले.

हा वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचला तो सर जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. बाईंच्या मृत्यूनंतर पाव शतकाच्या आत तो माळव्याचा कारभार पाहत होता, आणि मध्य हिंदुस्थानावरील त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी स्तुती खरी कशी असेल, या शंकेने त्याने निरनिराळ्या थरांतील लोकांकडे चौकशी केली. जितके खोल जावे तितका आदर वाढतच गेला, असा निष्कर्ष त्याने नोंदविला. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत, असेही तो लिहितो.

मुक्ताबाईंच्या मागे अहिल्याबाई सुमारे चार वर्षे जगल्या. दरबार चालू होता, खासगीतील दाने चालू होती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, महेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

इंदूरच्या आणि सोलापूरच्या विद्यापीठांना आज त्यांचे नाव आहे. २०२५ हे त्यांच्या जन्माचे तीनशेवे वर्ष. त्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली होती. एरवी हे गाव शांत असते. जामखेडच्या बाजूला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी थोडी वाट वाकडी करून तेथे जावे. ३१ मे रोजी फार गर्दी असते. तो दिवस टाळल्यास शिंद्यांची गढी निवांतपणे पाहता येईल.