डेरिक थॉमस

डेरिक व्हिन्सेंट थॉमस (जन्म : मायामी, १ जानेवारी १९६७, मृत्यू : मायामी, ८ फेब्रुवारी २०००) हे अमेरिकन फुटबॉलमधील ख्यातनाम लाइनबॅकर होते. बचाव करणाऱ्या संघाच्या आघाडीच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूस लाइनबॅकर म्हणतात. (भारतात फुटबॉल या नावाने ओळखला जाणारा खेळ निराळा.) प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला त्याच्या रेषेमागे पाडणे, म्हणजे 'सॅक' करणे, यात थॉमस यांचा हातखंडा होता.

बालपण व शिक्षण

त्यांचे वडील रॉबर्ट थॉमस अमेरिकी हवाई दलात कॅप्टन होते. डिसेंबर १९७२मध्ये व्हिएतनामवरील बॉम्बफेकीच्या मोहिमेत त्यांचे बी-५२ विमान पाडले गेले व ते परतले नाहीत. डेरिक यांना सहावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या मोहिमेचे सांकेतिक नाव 'लाइनबॅकर दोन' असावे, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. पौगंडावस्थेत डेरिक यांचे पाऊल वाकडे पडले होते. पण पुढे ते सावरले. अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना १९८८च्या हंगामात त्यांनी २७ सॅक केले आणि बट्कस पुरस्कार मिळवला.

कारकीर्द

१९८९ साली कॅन्सस सिटी चीफ्सने त्यांची चौथ्या क्रमांकावर निवड केली. अकराही हंगाम ते याच संघाकडून खेळले. ११ नोव्हेंबर १९९० रोजी, म्हणजे अमेरिकेतील माजी सैनिक दिनी, त्यांनी सिॲटल सीहॉक्सविरुद्ध एकाच सामन्यात ७ सॅक करून विक्रम केला. मात्र शेवटच्या चालीत क्वार्टरबॅक डेव्ह क्रीग त्यांच्या तावडीतून निसटले आणि त्यांच्या फेकीवर टचडाउन झाला. चीफ्स १६-१७ असे हरले. विक्रमाच्या आनंदावर त्या पराभवाने पाणी पडले. कारकीर्दीत त्यांचे एकूण १२६.५ सॅक झाले. सुपर बोल मात्र त्यांच्या नशिबी नव्हता.

१९९० साली त्यांनी 'थर्ड अँड लाँग' ही संस्था स्थापून शहरातील मुलांना वाचनाची गोडी लावण्याचे काम आरंभले. प्रस्तुत लेखकास त्यांच्या विक्रमांहून हे कार्य मोलाचे वाटते. १९९३चा लीगचा 'मॅन ऑफ द इयर' सन्मान त्यांना मिळाला.

अपघात व मृत्यू

२३ जानेवारी २००० रोजी विमानतळाकडे जाताना बर्फाळ रस्त्यावर त्यांची मोटार उलटली. थॉमस व त्यांचे एक मित्र यांनी सीटबेल्ट लावला नव्हता. मित्र जागीच गेले, तर थॉमस यांचा छातीखालचा भाग लुळा पडला. सीटबेल्ट लावलेला तिसरा प्रवासी किरकोळ दुखापतीवर बचावला. उपचार चालू असतानाच फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून थॉमस यांचे निधन झाले. ते ३३ वर्षांचे होते.

२००९ साली प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. त्यांचा ५८ क्रमांक चीफ्सने निवृत्त केला आहे.